विद्यापीठाचं टाइमटेबल एका जागी आणायचंय? मग आधी खोल्या मोजा

बऱ्याच ठिकाणी आधी सॉफ्टवेअरचा डेमो होतो, कोटेशनं मागवली जातात, आणि सगळं झाल्यावर कळतं की कुठल्या अधिविभागात नक्की किती खोल्या आहेत आणि त्यात किती पोरं बसतात हेच कुणाला पक्कं सांगता येत नाही. कोल्हापुरात काय किंवा सोलापुरात काय, सेंट्रल टाइमटेबल अडतं ते इथंच. त्यामुळं सॉफ्टवेअर शेवटी, आधी खोल्या.

पहिलं काम म्हणजे खोली कुणाची हा प्रश्न मिटवा. आजवर प्रत्येक अधिविभागानं आपल्या खोल्या आपल्या म्हणूनच वापरल्यात, किल्ली त्यांच्याच शिपायाकडं असते, मग सिस्टिमनं मंगळवारी ११ वाजता कॉमर्सच्या वर्गाला इतिहासची खोली दिली तरी दाराला कुलूप आणि पोरं व्हरांड्यात उभी. म्हणून कुलसचिवांच्या सहीचं परिपत्रक आधी काढून घ्या. त्यात सरळ लिहा की आपल्या खोल्यांवर पहिला हक्क त्या त्या अधिविभागाचा, पण उरलेले तास सगळ्यांसाठी खुले, लॅब मात्र यातून बाहेर. आणि किल्ल्यांचा एक जोड इमारतीच्या वॉचमनकडं ठेवायचा हेही त्यातच लिहा. एवढं मान्य झालं की एचओडींचा निम्मा विरोध तिथंच मावळतो, कारण त्यांची भीती खोली जाण्याची असते, टाइमटेबलची नसते.

मग वही घेऊन खरंच फिरा. जुन्या यादीवर विसंबू नका, कागदावर ६० ची असलेली खोली आत गेल्यावर ४५ ची निघते कारण मागचे बेंच मोडून कोपऱ्यात रचलेले असतात. प्रत्येक खोलीत बसायची जागा, फळा, चालू असलेला प्रोजेक्टर, प्लग, पंखे, मजला, रॅम्प आहे का, एवढं टिपून घ्या आणि प्रत्येक खोलीला एकच कोड द्या जो दारावरही तोच असेल. हे काम कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही, आणि ते क्लार्कवर न ढकलता टाइमटेबल समितीतल्या माणसांनी स्वतः करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तास. थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे सेमला १५ तास, प्रॅक्टिकलचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास. सेम १५ आठवड्यांचं धरलं तर ४ क्रेडिटच्या थिअरीला आठवड्याला ४ तास, आणि २ क्रेडिटच्या प्रॅक्टिकललाही ४ तास, पण हे एका बॅचचे. वर्गात ६० पोरं आणि लॅब २० ची असेल तर ३ बॅच झाल्या, म्हणजे लॅब आठवड्याला १२ तास अडकली आणि शिकवणाऱ्यांचेही १२ तास गेले. अधिविभागाकडनं येणाऱ्या तक्त्यात इथंच नेहमी ४ लिहिलेलं असतं, तेव्हा बॅचचा कॉलम वेगळाच ठेवा. प्राध्यापकांचा वर्कलोडही आत्ताच बेरीज करून बघा, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणं असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास आणि असोसिएट व प्रोफेसरला १४ तास प्रत्यक्ष शिकवणं. बेरीज जुळत नसेल तर कुठलंच सॉफ्टवेअर ती जुळवून देणार नाही.

सीएचबीवाल्यांना, म्हणजे तासाच्या मानधनावर शिकवणाऱ्यांना, मात्र स्वतः फोन करून विचारा. त्यातले कितीतरी जण सकाळी इचलकरंजी नाहीतर जयसिंगपूरला तास घेऊन मग इकडं येतात, त्यांचे वार आणि वेळा आधी पक्क्या करा, त्यांच्यावर ऐनवेळी वेळ लादणं हा अन्याय आहे आणि त्यात तासही बुडतो.

खरी डोकेदुखी ओपन इलेक्टिव्हची. नवीन शैक्षणिक धोरणात हा विषय दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असतो, म्हणजे एकाच वर्गातली पोरं त्या तासाला दहा ठिकाणी पांगतात. यावर मला पटलेला मार्ग एकच, सगळ्या विद्यापीठात ओपन इलेक्टिव्हसाठी आठवड्यातले ठराविक तास राखून ठेवायचे, समजा मंगळवार-गुरुवार १२ ते १, आणि त्या वेळेत दुसरं काहीच लावायचं नाही. हे आधी लॉक करा, त्यानंतर लॅब, मग सीएचबी, उरलेलं सगळं शेवटी.

अटी भरताना हात आखडता घ्या. एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी नको, एका खोलीत दोन वर्ग नकोत, खोलीपेक्षा पोरं जास्त नकोत, या न मोडायच्या अटी. बाकी 'मला सोमवारी पहिला तास नको' वगैरे जमलं तर बरं या रकान्यात. पण एक अट मी वरच्या रकान्यातच टाकेन, दोन लांबच्या इमारतींत लागोपाठ तास नको, मोठ्या कॅम्पसवर पावसात दहा मिनिटांत पोरं पोचत नाहीत. पहिला तास ठेवतानाही गारगोटी, गगनबावड्याकडनं येणारी एसटी किती वाजता स्टँडवर लागते आणि तिथनं केएमटी, म्हणजे कोल्हापूरची सिटी बस, कधी मिळते ते बघा, नाहीतर हजेरीपटावर रोज तीच नावं गैरहजर दिसतील.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर सुरुवातीला पैसे घालवायची गरज नाही. एफईटी फुकट आहे, ओपन सोर्स आहे, एक्सेलमधला डेटा सीएसव्ही करून आत घेता येतो, आणि गाडी अडली की कुठले तास बसत नाहीत हेही दाखवतं, त्यावरनं अट सैल करायची की खोली बदलायची ते ठरवता येतं. पोरांच्या वैयक्तिक निवडीप्रमाणं तुकड्या पाडायच्या असतील तर युनिटाइम बघा, तेही ओपन सोर्स आहे, पण ते बसवायला आयटीचा जाणता माणूस लागतो.

पहिल्या सेमला एकच विद्याशाखा घ्या. कच्चं टाइमटेबल सेम सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी लावा, हरकतींना आठ दिवस द्या, पण हरकत अधिविभागाच्या प्रतिनिधीमार्फतच आणि लेखीच घ्या, व्हॉट्सअपवर नाही. एकदा पक्कं झालं की बदल फक्त शुक्रवारी. शनिवारचे दोन-तीन तास मुद्दाम मोकळे सोडा, जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला, रस्ते बंद झाले की बुडालेले तास भरून काढायला जागा लागतेच. आणि प्रत्येक प्रतीवर तारीख न् आवृत्ती नंबर छापा, नवीन लावताना नोटीस बोर्डावरची जुनी प्रत तिथल्या तिथं काढून टाका.