'घवघवीत यश' न लिहिता केंद्राचं वार्षिक पत्रक कसं काढावं

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात आमचं केंद्र, म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट. त्यात अकरा शाळा, त्यातल्या सात दोनशिक्षकी. 1 मे ला झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटली की पालकांच्या हातात आम्ही एक चार पानी पत्रकही देतो. वर्षभरात केंद्रात काय झालं, कोणत्या पोराने काय केलं, ते त्यात असतं. हे काम सात वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या दिवशी शिक्षण परिषदेला, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, मी उशिरा पोचले आणि तोवर बाकीची कामं वाटून झाली होती. आता शेजारच्या केंद्रांतले शिक्षक म्हणतात, बाई नमुना पाठवा. नमुना पाठवला की त्यातली नावं तेवढी बदलतात आणि बाकी तसंच छापतात. म्हणून या वेळी नमुना न पाठवता पद्धतच लिहून काढते.

पत्रक एप्रिलमध्ये लिहायला घेऊ नका. एप्रिलमध्ये संकलित दोन (वर्षअखेरची परीक्षा), पेपर तपासणी, वर्णनात्मक नोंदी, यू-डायसची (शाळेच्या सरकारी ऑनलाइन माहितीची) दुरुस्ती, आणि वरून रोज एक 'तात्काळ' लिंक. मी जूनमध्येच एक शंभरपानी वही घालते. डाव्या पानावर तारीख, शाळा, काय घडलं. उजव्या पानावर ते मला कुणी सांगितलं आणि कागद कुठे आहे. केंद्राच्या ग्रुपवर अभिनंदनाचे फोटो येतात, त्याखाली पंचवीस अंगठे आणि फुलांचे गुच्छ येतात, आणि मार्चमध्ये शोधायला जावं तर त्यातलं काही सापडत नाही. म्हणून फोटो आला त्याच दिवशी वहीत ओळ.

आता निकालाचे शब्द. इथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत 150 गुणांचे दोन पेपर असतात आणि दोन्हींत किमान 40 टक्के, म्हणजे 60 गुण मिळाले की मूल 'पात्र' होतं. शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीत नाव आलं तरच. शिवाय राज्य परीक्षा परिषद आधी अंतरिम निकाल लावते, गुणपडताळणीचे अर्ज घेते आणि मग अंतिम निकाल व याद्या येतात. 1 मे ला आपल्या हाती असलाच तर अंतरिम निकाल असतो. पहिल्याच वर्षी मी एका पात्र मुलाला 'शिष्यवृत्तीधारक' छापून मोकळी झाले. त्याच्या वडिलांनी सगळ्या वस्तीत पेढे वाटले. जुलैत यादी आली, त्यात नाव नाही. मी घरी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा पाजला, एक शब्द बोलले नाहीत. ते जास्त लागलं. तेव्हापासून मी 'पात्र (अंतरिम)' एवढंच छापते आणि अंतिम यादी आली की पुढच्या अंकात पहिल्या पानावर घेते.

इयत्ताही लिहाच. 2016-17 पासून ही परीक्षा पाचवी-आठवीला होती, आता पुन्हा चौथी-सातवीकडे नेली आहे. 'गेल्या वर्षीपेक्षा पात्र मुलं वाढली' असं लिहिण्याआधी आपण त्याच इयत्तेशी तुलना करतोय का ते बघा.

नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचं सोपं आहे, निवड झाली किंवा नाही झाली. फक्त पुढच्या यादीची वाट बघणाऱ्याला 'निवड' म्हणू नका. आणि बातमीत एक वाक्य पालकांसाठी टाका, की गढीच्या नवोदय शाळेत सहावीपासून राहून शिकायचं आहे, त्यामुळे पोराला आपलं ताट आपण घासायची सवय सुट्टीतच लावा. एनएमएमएसच्या, म्हणजे आठवीत परीक्षा देऊन मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या बातमीत तर पैशाचं सगळं गणित द्या. महिना 1,000 रुपये, नववी ते बारावी चार वर्षं, एकूण 48,000. पण दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. हार घातलेला फोटो छापून येतो, नूतनीकरण मात्र राहून जातं. पोरगं आपल्या शाळेतून गेलेलं असतं, तिकडे हायस्कुलात कुणाच्या लक्षात येत नाही.

टक्केवारी छापू नका. ज्या शाळेतून चारच मुलं बसली आणि तीन पात्र झाली, तिथे '75 टक्के निकाल' वाचायला भारी वाटतं आणि त्याला अर्थ काहीच नसतो. 'चारपैकी तीन' लिहा. खेळांचंही तसंच. एका वर्षी एका सरांनी 'लंगडीत तालुक्यात द्वितीय' असं मोठ्या अक्षरात पाठवलं. मी विचारलं, संघ किती होते? फोन थोडा वेळ शांत, मग म्हणाले, बाई, दोन. आम्ही दोघंही हसलो. छापलं ते असं: 'लंगडीच्या सामन्यात दोनच संघ आले. आपण हरलो, पण पहिल्या डावात त्यांचे सात गडी टिपले.' पोरींना हे द्वितीयपेक्षा जास्त आवडलं.

नावं दाखल-खारीज रजिस्टरवरूनच घ्या. निकालाची यादी बऱ्याचदा इंग्रजीत येते. तिथलं आडनाव बडे आहे की बाडे, हे यादीवरून कळत नाही, आणि सानपांचं 'सनप' झालं की घरचे पत्रक घडी करून ठेवून देतात, पुन्हा उघडत नाहीत. डीटीपीवाला युनिकोडमधला मजकूर जुन्या फाँटमध्ये नेतो तेव्हा रफार आणि जोडाक्षरं फुटतात. 'गर्जे' तपासा, 'कृष्णा' तपासा, 'ज्ञानेश्वर' दोनदा तपासा. मी शेवटचा प्रूफ पडद्यावर बघत नाही, कागदावर घेते आणि पाचवीतल्या एका पोरीला मोठ्याने वाचायला सांगते. ती अडखळली तिथे चूक असतेच. कधी चूक छपाईची असते, कधी माझ्या वाक्याची.

मजकुराविषयी एकच नियम. 'घवघवीत यश', 'शिरपेचात मानाचा तुरा', 'सर्वत्र कौतुक होत आहे', 'उज्ज्वल परंपरा कायम' हे सगळं खोडा. खोडून खाली काय उरतं ते बघा. काही उरत नसेल तर बातमीच नव्हती. एका शाळेतून हे आलं होतं: 'ऊसतोड कामगार आई-वडिलांच्या कष्टाचे चीज करत, प्रतिकूल परिस्थितीवर मात करून विद्यार्थिनीने घवघवीत यश संपादन केले.' मी शाळेत गेले, पोरीशी बोलले, आजीशी बोलले. छापलं ते हे:

'आई-वडील दिवाळीनंतर कारखान्यावर गेले. ती आजीजवळ राहिली. सकाळी दोन शेळ्या सोडून यायची. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात 96, दुसऱ्यात 104 गुण, पात्र (अंतरिम). अपूर्णांकांची बेरीज तिला जानेवारीपर्यंत येत नव्हती. ती वही शाळेत ठेवली आहे, बघायला या.'

छापण्याआधी आजीला आणि फोनवरून आईला वाचून दाखवलं. त्यांनी हो म्हटल्यावरच नाव घातलं. अंक हातात आल्यावर आजीने एकच दुरुस्ती सांगितली: शेळ्या तीन होत्या.

आमच्याकडे वर्षाची खरी बातमी या कोयत्याभोवतीच, म्हणजे ऊसतोडीभोवतीच असते. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, जावंच लागतं. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. काही पोरं गावात हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर थांबतात, काही आई-बापांबरोबर जातात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणून आमच्या पत्रकात दुसऱ्या पानावर शाळावार एक चौकट असते: गेली किती, थांबली किती, परत येऊन परीक्षेला बसली किती. तो रकाना काढा, उगाच विचारणा होईल, असं एकदा सुचवून झालं. आम्ही ठेवला. शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून स्थलांतरित मुलाला दिलेलं कार्ड) घेऊन गेलेला एक सातवीतला मुलगा कारखान्याजवळच्या शाळेत 61 दिवस हजर होता, तिथल्या बाईंनी तसं लिहून दिलं होतं. संकलित दोनला तो इथे होता. त्याचे गुण मी छापले नाहीत, दिवस छापले. हजेरीचा तो कागद त्याने पिशवीत, प्लास्टिकच्या घडीत, टायरगाडीवरून आणला होता, हेही लिहिलं.

काय छापू नये तेही सांगते. वर्गातला पहिला-दुसरा-तिसरा नंबर नाही. निकालपत्रकात श्रेणी असते, नंबर पालकांच्या तोंडात असतो, तो तिथेच राहू द्या. पाचवी-आठवीच्या पुनर्परीक्षेला कोण बसणार ते नाही, आकडासुद्धा नाही. लहान शाळेत आकड्यावरून नाव कळतं. जात, उत्पन्न, आधार, जन्मतारीख काही नाही. एनएमएमएससाठी उत्पन्नाचा दाखला दिला होता म्हणून तो बातमीत यायला नको. फोटोला पालकांची सही घ्या, साधा एक कागद पुरतो. फोटोत पोरगं पुढे आणि मोठं, पाहुणे मागे. सत्कार करणाऱ्यांचे सात चेहरे आणि ट्रॉफीमागे लपलेलं पोरगं असा फोटो आला तर तो परत पाठवा, सरपंच रुसले तरी. आमचे रुसले होते. पुढच्या वर्षी छपाईचे पैसे त्यांनीच दिले.

आकार: आडवा ए-फोर, मधोमध घडी, चार पानं, काळा-पांढरा. रंगीत काढलं की प्रती कमी निघतात. पीडीएफ ग्रुपवर टाका, पण आधी नाही, 1 मे ला कागद हातात पडल्यावर. चौथं पान कोरं ठेवायचा प्रयोग मी दोन वर्षं केला, पोरांनी घरी जाऊन चित्र काढावं म्हणून. त्यावर किराणाचे हिशेब लिहून आले. आता तिथे शाळा सुरू होण्याची तारीख, दाखल करायच्या मुलांसाठी लागणारे कागद आणि शाळापूर्व तयारी मेळाव्याची वेळ देते. ते पान लोक भिंतीला लावतात.

प्रती मोजून काढू नका. पटापेक्षा चाळीस जास्त काढा. एखादी टोळी मागे राहिलेली असते, एखादी कारखान्याहून थेट वीटभट्टीवर गेलेली असते. त्या पोरांची निकालपत्रकं आणि पत्रकं एकत्र टाचून, वर नाव लिहून, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवते. जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आधीच, कुणीतरी आत डोकावून विचारतं, बाई, आमचं आलं का?