वडील मृत्युपत्र न करता गेले तर कोर्टात काय करायचं

बँकेतली एफडी, शेअर्स यासाठी सक्सेशन सर्टिफिकेट (ते पैसे वारसांना घेता यावेत म्हणून कोर्ट देतं तो दाखला) लागू शकतं, आणि घर-जमिनीसाठी ते चालत नाही, तिथे १८२७ च्या रेग्युलेशनखालचा वारस दाखला काढायचा (हो, इंग्रजांच्या काळातलाच कायदा अजून चालू आहे!). वडील जिथे राहायचे तिथल्या दिवाणी कोर्टात अर्ज करा, सोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, आणि बहिणींची नावं गाळू नका हं, नंतर तेच अंगाशी येतं. मग कोर्ट नोटीस काढतं, बहुतेक वेळा पेपरातही, कुणाची हरकत नसेल तर काम सरळ होतं. आणि एफडी-शेअर्सच्या कागदांवर नॉमिनी म्हणून कुणाचं नाव असलं, तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

वारसांत कुणी अज्ञान (म्हणजे १८ वर्षांखालचं) मूल असेल तर त्याच्या नावावरची जागा आईलासुद्धा जिल्हा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.