ट्रॉली ओढण्यासाठी ट्रॅक्टर निवडताना आणि त्याच्या टेंपरेचर मीटरवर विसंबताना

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आणि शहाद्याकडच्या ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरचे कितीतरी तास नांगराऐवजी भरलेली ट्रॉली ओढण्यात जातात, तरीही खरेदीच्या वेळी चर्चा होते ती बहुधा किंमत, हप्ता आणि एचपी यांचीच. ओढकामासाठी ट्रॅक्टर घ्यायचा असेल, तर मे महिन्याच्या दुपारी, 45 अंशांच्या उन्हात, चढावर त्याचे इंजिन थंड राहील का आणि ते तापू लागले तर मीटर आपल्याला वेळेवर सांगेल का, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

ताकदीचा हिशोब अवघड नाही. ट्रॅक्टर दोन टन आणि मालासह ट्रॉली सहा टन, असे आठ टन ओझे कच्च्या-पक्क्या सपाट रस्त्यावर ताशी 15 किलोमीटरने न्यायला चाकांवर साधारण 11 एचपी पुरतात. तेच ओझे त्याच वेगाने शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर न्यायचे झाले, तर सुमारे 33 एचपी लागतात. गिअर आणि चाकांपर्यंत पोचताना इंजिनाची काही ताकद वाया जाते, हे धरले तर 35 एचपीचा ट्रॅक्टर अशा चढावर पूर्ण जोर लावूनही मागे पडतो आणि 45 एचपीच्या ट्रॅक्टरला थोडी उसंत राहते. सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा तळोदा-धडगाव रस्त्यावरच्या चांदसैली घाटासारख्या भागात ओढकाम असेल, तर ही उसंत विकत घेणे मला आवश्यक वाटते. केवळ सपाट बागायती भागात काम असेल, तर लहान ट्रॅक्टरही चालेल.

एचपीइतकेच ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाला महत्त्व आहे, कारण उतारावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. दोन चाकी ट्रॉलीत माल फार पुढे भरला, तर हुकावर भार येऊन चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग काम करेनासे होते. माल फार मागे गेला, तर हूक वर उचलला जाऊन मागच्या चाकांची पकड सुटते. म्हणून माल आसाच्या किंचित पुढे झुकता ठेवावा, रस्त्यावर डाव्या-उजव्या चाकांच्या दोन्ही ब्रेकचे पेडल एकमेकांना अडकवून ठेवावेत आणि उतारावर गाडी कधीही न्यूट्रल करू नये.

आता उष्णतेकडे वळू. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकेल, हे आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी 95 अंशांवर आणि हवा 25 अंशांवर असेल, तर हा फरक 70 अंशांचा असतो. हवा 45 अंशांवर गेली की तो 50 अंशांवर येतो, म्हणजे तोच रेडिएटर जवळपास तीस टक्के कमी काम करतो. त्यात ट्रॅक्टरचा वेग इतका कमी असतो की समोरून येणाऱ्या वाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही आणि सारी भिस्त पंख्यावर राहते. पंखा आणि वॉटर पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. त्यामुळे चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवत नेण्यापेक्षा वेळीच खालचा गिअर टाकून फेरे वाढते ठेवल्यास इंजिन थंड राहते. कापसाच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीत तंतू आणि धूळ घट्ट बसते. ती हवेच्या दाबाने इंजिनाच्या बाजूकडून बाहेर उडवावी, बाहेरून आत नव्हे. बोअरचे जड पाणी रेडिएटरच्या टाकीत भरण्याची सवयही सोडावी, कारण त्याचा क्षार आतल्या नळ्यांत साचतो. डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेले कूलंट गंज रोखते आणि उकळबिंदू वाढवते.

मीटरवर विश्वास ठेवण्यापूर्वी तो कोणत्या जातीचा आहे, हे ओळखावे. जुन्या ट्रॅक्टरांत इंजिनात बुडवलेल्या गोळीपासून मीटरपर्यंत बारीक तांब्याची नळी जाते आणि तिच्यातील दाबाने काटा हलतो. त्याला बॅटरी लागत नाही, पण नळी चेपली किंवा तुटली की तो मरतो. बहुतेक नव्या ट्रॅक्टरांत विजेचा सेन्सर असतो आणि तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. सेन्सरची वायर तुटली, तर काटा थंड बाजूला पडून राहतो आणि वायर कुठे बॉडीला टेकली, तर तो लाल पट्ट्यात जातो. हेडलाइट लावताच काटा हलत असेल, तर दोष अर्थिंगमध्ये शोधावा. मालाची ने-आण करणाऱ्या अनेक आधुनिक पिकअप आणि जीपमध्ये तर काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण 75 ते 105 अंशांपर्यंत तो मधोमधच दिसतो आणि हलू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. अशा गाडीने ओझे ओढायचे असेल, तर ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्याच्या जोडणीला) जोडता येणारा स्कॅनर घेऊन प्रत्यक्ष आकडा पाहावा.

सर्वांत घातक चूक वेगळीच आहे. पाइप फुटून पाणी कमी झाले की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो. त्यामुळे भर चढावर काटा अचानक थंडाकडे सरकला, तर समाधान मानू नये. ताबडतोब थांबून पाणी गळते आहे का ते पाहावे.

मीटरची परीक्षा घरीच घेता येते. इंजिन पूर्ण थंड असताना सेन्सर किंवा गोळी काढून घ्यावी. नळीची गोळी भांड्यातल्या उकळत्या पाण्यात बुडवून काटा कुठे थांबतो तिथे काचेवर खूण करावी. जळगाव-धुळ्याच्या उंचीवर पाणी जवळपास 99 अंशांना उकळते, म्हणून ही खूण भरवशाची असते. विजेच्या सेन्सरसाठी त्याची बॉडी वायरने ट्रॅक्टरच्या अर्थिंगला जोडून हीच कृती करता येते. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळत असेल, तर थर्मोस्टॅटच्या (पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेच्या) घरावर तो धरून काट्याशी ताळा पाहणे आणखी सोपे.

जुना ट्रॅक्टर घेताना तो पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड आहे ना, हे आधी हात लावून पाहावे. आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनाचा सौदा मी करणार नाही. टाकीचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का आणि इंजिन सुरू असताना बुडबुडे येतात का, ते पाहावे. बुडबुडे सतत येत असतील, तर हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यावा. रेडिएटरला जाणारा वरचा होज (रबरी पाइप) काही मिनिटे गार राहून मग एकदम तापला पाहिजे. तो सुरुवातीपासूनच हळूहळू तापत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला किंवा काढून टाकलेला असतो. उन्हाळ्यात तो काढून टाकण्याची रीत आपल्याकडे बरीच रुळली आहे, पण काही इंजिनांत त्यामुळे पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरते आणि तापणे वाढते.

वाटेत काटा लाल पट्ट्याकडे चढू लागला, तर सपाट जागी थांबावे, चाकांखाली दगड लावावेत आणि न्यूट्रलमध्ये फेरे थोडे वाढवून काही मिनिटे इंजिन चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरून उष्णता बाहेर पडते. पंख्याचा बेल्ट तुटला असेल किंवा पाणी गेले असेल, तर मात्र इंजिन लगेच बंद करावे. गरम टाकीचे झाकण उघडू नये, कारण दाबाखालचे पाणी उसळून चेहरा आणि हात भाजतात. तापलेल्या हेडवर थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर, ते चालू ठेवून पाणी थोडे थोडे घालावे. दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी पुन्हा घटली आणि बाहेर कुठेच गळती दिसली नाही, तर पुढची ट्रॉली भरण्याआधी हेड गॅसकेट तपासून घ्यावे.