शेजारच्या घराचा अभ्यास कसा करावा: सीमाभागातील समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ‘संस्कृती’ची व्याख्या पाठ करून मी चांगले गुण मिळवले, तेव्हा माझ्याच बाकावर बसणाऱ्या बैलहोंगलच्या कन्नड मैत्रिणीच्या घरी लग्ने कशी ठरतात, हे मला माहीत नव्हते. मी बेळगावच्या वडगावची. घरात मराठी, मागच्या गल्लीत कन्नड बोलणारे विणकर आणि कोपऱ्यावरच्या दुकानात दखनी उर्दू, अशा तीन भाषा रोज कानावर पडत असूनही आपल्या घरच्या चालीला आपण ‘रीत’ म्हणतो आणि दुसऱ्याच्या चालीला ‘त्यांच्यात तसे असते’ एवढे म्हणून मोकळे होतो. सीमाभागातल्या विद्यार्थ्याला दुसरी संस्कृती पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. मात्र इतक्या जवळच्या घराकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहणे कठीण असते. गेल्या तीन वर्षांत ते करताना मला जे उपयोगी पडले, ते येथे लिहीत आहे.

वहीचे पहिले पान स्वतःसाठी ठेवावे. आपण कोणत्या जातीच्या, कोणत्या भाषेच्या घरात वाढलो आणि ज्यांच्याकडे जाणार आहोत त्यांच्याविषयी लहानपणापासून काय ऐकले, ते त्यावर न संकोचता लिहावे. आपल्याकडे तर हे टाळताच येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून तीच तारीख एका घरात राज्योत्सवाची आहे, तर दुसऱ्या घरात काळ्या दिनाची. माझ्या घरात तो काळा दिनच होता आणि मी ते तसेच लिहिले. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी १९१५ ते १९१८ या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहून सहभागी निरीक्षणाची, म्हणजे लोकांत मिसळून त्यांचे जगणे पाहण्याची, पद्धत घडवली, पण तिथल्या लोकांविषयीचा त्यांचा त्रागा १९६७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, खासगी रोजनिशी प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळला. एवढ्या मोठ्या अभ्यासकाच्या मनातही तो होता, तर आपल्या मनात काही नसेल असे धरून चालू नये.

त्यानंतर भाषेकडे वळावे. कन्नड लिपी येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. सुरुवात नात्यांच्या शब्दांपासून करावी, कारण अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द आपण मराठीत रोज वापरतोच. दारात ‘बर्री, कुंदर्री’ असे स्वागत झाले, की मोडक्या कन्नडमध्ये का होईना, उत्तर द्यावे. कन्नडमध्ये ‘अत्ती’ म्हणजे आत्याही आणि सासूही, ‘माव’ म्हणजे मामाही आणि सासराही. हे टिपून घेताना मला आठवले, की माझी आजी सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणत असे. तो शब्द मी शेकडो वेळा ऐकला होता, पण सासरा हा मामा का, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आता वंशावळीच्या तक्त्याविषयी, कारण माझ्या अनुभवात एवढे शिकवणारे दुसरे साधन नाही. पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ, विवाहासाठी बरोबरचे चिन्ह, भावंडांसाठी वरून जोडणारी आडवी रेघ आणि मुलांसाठी खाली उतरणारी उभी रेघ, एवढ्या खुणा पुरतात. घरातल्या एका माणसापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक व्यक्तीबद्दल दोन गोष्टी विचाराव्यात: ती नात्याने कोण लागते आणि तिला हाक काय मारतात. या दोन उत्तरांत जेथे तफावत दिसेल, तेथे थांबावे.

मैत्रिणीच्या घरी तिची आई आपल्या सासूला ‘अज्जी’ म्हणत होती. मुलांमुळे पडलेली सवय असावी, असे समजून मी ते लिहूनही घेतले नव्हते. पुढे तक्ता काढताना आईची आई आणि वडिलांची बहीण यांच्यासाठी मी दोन वेगळी वर्तुळे काढली, तेव्हा मैत्रिणीने पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि एक वर्तुळ खोडले. तिच्या आईचे लग्न आईच्या सख्ख्या मामाशी झाले होते. त्यामुळे सासू ही खरोखरच तिची आजी होती आणि मैत्रिणीची आजोळची आजी तिची आत्याही लागत होती. ‘अगं बाई, सख्ख्या मामाशी?’ हे शब्द माझ्या तोंडून निघून गेले आणि ते स्वयंपाकघरात ऐकू गेले. काकू, म्हणजे मैत्रिणीची आई, भाकरी थापता थापता बाहेर आल्या आणि त्यांनी मराठीतच मला विचारले, ‘ओळख ना पाळख, अशा घरात तुम्ही मुलगी कशी देता? तिथं तिला बघणार कोण?’

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मामाच्या मुलीशी लग्न आमच्याकडेही चालते आणि त्यात मला कधी काही खटकले नव्हते. उत्तर भारतातल्या अनेक घरांत मात्र ते ऐकूनच लोक चमकतील. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातील नातेव्यवस्थेचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग मांडले आणि महाराष्ट्राला मध्य विभागात ठेवले, ते का, हे मला वर्गात समजले नव्हते, त्या खोडलेल्या वर्तुळापाशी समजले. १९५५ चा हिंदू विवाह कायदासुद्धा मामा-भाचीचे नाते निषिद्ध नात्यांत धरतो, पण दोन्ही पक्षांत तशी रूढी असेल तर विवाहाला मोकळीक देतो. म्हणून कोणतीही चाल विचित्र वाटली, की प्रथम ती त्या घरातल्या कोणाची कोणती काळजी मिटवते, हे विचारावे.

सारखेपणाचीही काळजी घ्यावी, कारण तो अधिक फसवतो. दसऱ्याला आपण आपट्याची पाने देऊन ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हणतो आणि कन्नड घरांत बन्नीची पाने देऊन बंगारासारखे, म्हणजे सोन्यासारखेच, राहू या असे म्हणतात. पण बन्नी म्हणजे शमी, आपटा नव्हे. बैलांचा सण कर्नाटकी बेंदूर म्हणून ज्येष्ठ पौर्णिमेला येतो, तर महाराष्ट्रातला बेंदूर आषाढात. सीमेवरच्या गावात कोणते घर कोणत्या दिवशी बैल सजवते, एवढीच पाहणी केली तरी एक चांगला लघुप्रकल्प होतो.

समजून घेणे म्हणजे मान्य करणे, असा गैरसमज मात्र होऊ देऊ नये. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर माघ पौर्णिमेला कन्नड आणि मराठी भाविक एकाच भंडाऱ्याने माखलेले असतात, ‘उदो उदो’ हा गजरही एकच असतो, आणि ती भक्ती खरी आहे. त्याच देवीच्या नावाने मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या, त्याही दोन्ही भाषांच्या घरांतून आणि मुख्यतः दलित कुटुंबांतून, हेही तितकेच खरे आहे. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि कर्नाटकात १९८२ मध्ये त्याविरुद्ध कायदे करावे लागले. अशा प्रथेपुढे ‘ही त्यांची संस्कृती’ असे लिहून थांबणे म्हणजे त्या मुलींना नोंदीतून वगळणे होय. प्रथेचा भार कोणी वाहिला, हा प्रश्न वहीत आलाच पाहिजे.

नोंदी त्याच रात्री लिहाव्यात आणि पाहिलेले, ऐकलेले व स्वतःला वाटलेले यांसाठी तीन वेगळे रकाने ठेवावेत. माणसांची खरी नावे कच्च्या वहीतही लिहू नयेत. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून केलेल्या अभ्यासात त्या गावाला ‘रामपुरा’ हे बदललेले नाव दिले. त्याच अभ्यासाच्या संस्कारित, म्हणजे नीट लावून पुन्हा लिहिलेल्या, नोंदींच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत जळाल्या, कारण त्या एकाच ठिकाणी होत्या. तेव्हा प्रत काढावी आणि ती दुसऱ्या घरी ठेवावी.

तक्ता पूर्ण झाला, की तो ज्यांचा आहे त्यांना दाखवायला परत जावे. मी गेले, तेव्हा काकूंनी कागद खिडकीपाशी नेला, बोटाने एकेका रेघेवरून फिरत वाचला आणि आपल्या आईच्या ओळीत एक जागा रिकामी असल्याचे दाखवले. तिथे लहानपणीच गेलेली एक बहीण होती, जिचे नाव मला कोणी सांगितले नव्हते, कारण मी हयात माणसांचीच चौकशी केली होती. मी वर्तुळ काढले, त्यावर मृत्यूची तिरकी रेघ ओढली, आणि त्या दिवसापासून माझ्या प्रश्नांच्या यादीत ‘आणखी कोण होते?’ हा प्रश्न सर्वांत वर आहे.