इंग्रजी कानावर पडते, पण कळत नाही: ऐकून समजून घेण्याचा सराव कसा करावा

भुसावळ स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला आपल्याला थोडेफार इंग्रजी ऐकून समजते, याची बहुधा कल्पनाच नसते. उद्घोषणा मराठीत होते, हिंदीत होते आणि मग इंग्रजीत होते. तोपर्यंत गाडीचा पाच आकडी क्रमांक, ती कुठून कुठे जाणार आणि कोणत्या फलाटावर येणार हे सगळे ठाऊक झालेले असते, त्यामुळे ‘इज अरायव्हिंग शॉर्टली ऑन प्लॅटफॉर्म नंबर थ्री’ हे शब्द कानावर पडताच आपापल्या जागी जाऊन बसतात. मजकूर ओळखीचा, क्रम ठरलेला आणि तीच वाक्ये पुनःपुन्हा कानावर. ऐकण्याचा सराव घरी करायचा तर याच तीन गोष्टी मुद्दाम जुळवून आणाव्या लागतात. शब्दसंग्रह वाढवल्याने काम भागेल, ही समजूत मात्र आधी सोडावी, कारण न कळलेले वाक्य लिहून समोर ठेवले तर त्यातला जवळपास प्रत्येक शब्द विद्यार्थ्याला येत असतो.

अडचण अशी आहे की, आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. पुस्तकात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. मराठीतही आपण ‘तू कुठे चालला आहेस’ असे लिहितो आणि ‘कुठं चाललायस’ असे बोलतो. केवळ पुस्तकावरून मराठी शिकलेला परका माणूस हे ऐकून थबकेल, आणि अमळनेरच्या बसस्थानकावर अहिराणीतले ‘काय करी राहिना’ (काय करतो आहेस) ऐकल्यावर जन्माने मराठी असलेला पुणेकरही क्षणभर थबकतो. इंग्रजीतही ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’ हे सहा शब्द बोलताना ‘व्हॉचा गॉना डू’ एवढेच उरतात. शिवाय मराठीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखा न्याय मिळतो; इंग्रजी बोलणारा मात्र अर्थाच्या शब्दांवर जोर देतो आणि टू, ऑफ, फॉर, वॉज, कॅन यांसारखे शब्द गिळून टाकतो. म्हणून प्रत्येक शब्द पकडण्याची धडपड करू नये. जोराचे शब्द आधी पकडावेत आणि मधल्या फटी आपल्याला येणाऱ्या व्याकरणाने भराव्यात.

सरावासाठी निवडायचे ध्वनिमुद्रण एक ते दोन मिनिटांचे असावे आणि त्याचा लिखित मजकूर हाताशी असावा. मजकूर नसेल तर आपण काय चुकीचे ऐकले हे कधीच कळत नाही, म्हणून ही अट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. बीबीसी लर्निंग इंग्लिशच्या ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ या मालिकेत संभाषण आणि सामान्यज्ञान दोन्ही असते, आणि मजकूरही मिळतो. व्हॉइस ऑफ अमेरिकेने 1959 साली ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केले, ते सुमारे 1500 शब्दांच्या मर्यादेत, छोट्या वाक्यांत आणि मुद्दाम संथ गतीने; तशी जुनी ध्वनिमुद्रणे नवशिक्यांना आजही उपयोगी पडतात. भारतीय उच्चारांपासून सुरुवात करायची असेल तर आकाशवाणीची इंग्रजी बातमीपत्रे आहेतच, आणि आधी त्याच दिवसाचे मराठी बातमीपत्र ऐकले की भुसावळच्या उद्घोषणेसारखीच सोय होते. यूट्यूबवर गती 0.75 करून ऐकण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने आवाज लांबतो, पण एकमेकांना चिकटलेले शब्द सुटे होत नाहीत. म्हणून ही सोय एखाद्या अडलेल्या वाक्यापुरतीच वापरावी.

आता प्रत्यक्ष सराव एका वाक्यावर पाहू. विप्रो ही कंपनी 1945 साली अमळनेरला वनस्पती तूप आणि तेल बनवणारा उद्योग म्हणून सुरू झाली, हे खान्देशात बहुतेकांना माहीत असते. समजा इंग्रजीत असे वाक्य आले: ‘विप्रो वॉज सेट अप इन अमळनेर इन नाइन्टीन फॉर्टी-फाइव्ह, अँड इट मेड कुकिंग ऑइल लाँग बिफोर इट मेड सॉफ्टवेअर.’ पहिल्या वेळी वही मिटून ऐकावे आणि विषय काय एवढेच मनाशी सांगावे. दुसऱ्या वेळी फक्त जोराचे शब्द लिहावेत. बहुतेकांच्या वहीत विप्रो, अमळनेर, फॉर्टी-फाइव्ह, ऑइल आणि सॉफ्टवेअर हे शब्द उतरतात. तिसऱ्या वेळी दर चार-पाच शब्दांनंतर थांबवून अक्षरशः जे ऐकू येते ते लिहावे, अर्थ लागत नसला तरी. येथे गंमत होते. ‘सेट अप इन’ हे तीन शब्द ‘सेटपिन’ असे एकच होऊन येतात, आणि कोणी ‘स्टेपिंग’ लिहितो, कोणी ‘सेफ्टी पिन’ लिहितो. ‘वॉज’ तर ‘वझ’ एवढाच, ओझरता असतो, तो बहुतेक वह्यांतून गळालेला असतो. चौथ्या वेळी मात्र हात थांबवून व्याकरणाला विचारावे: विप्रो आणि सेट यांच्यामध्ये काहीतरी हवे, कारण कंपनी स्वतः काही उभारत नाही, ती उभारली जाते, म्हणजे ‘वॉज’ असणारच. यानंतरच मजकूर उघडून लाल शाईने दुरुस्ती करावी, चुकलेल्या जागेखाली रेघ ओढावी आणि मजकूर समोर ठेवून पाचव्यांदा ऐकावे. शेवटी तेच वाक्य मुद्रणाच्या बरोबरीने, त्याच लयीत, मोठ्याने म्हणावे. जे शब्द आपल्या तोंडाला जोडून म्हणता येतात, ते कानाला जोडून आलेले लवकर कळतात. एका मिनिटाच्या मुद्रणाला असा वीस मिनिटांचा वेळ लागतो, आणि रोज तेवढेच पुरे.

सामान्यज्ञान अवघड आणि रोजचे संभाषण सोपे, असा क्रम लोक धरतात; माझ्या मते तो उलटा आहे. बातमी किंवा माहितीपर भाषण सांगणारा माणूस वाक्य पूर्ण करतो, नावे स्पष्ट उच्चारतो आणि विषय सोडत नाही. गप्पा मारणारी माणसे वाक्य अर्धवट सोडतात, एकमेकांच्या बोलण्यात शिरतात आणि मनातले सरळ सांगत नाहीत. म्हणून पहिले पाच-सहा आठवडे माहितीपर मजकुरावर द्यावेत आणि मग संभाषणाकडे वळावे. संभाषणात आधी माणसे किती, त्यांचे नाते काय आणि एकाला दुसऱ्याकडून काय हवे आहे, या तीन गोष्टी ओळखाव्यात. फलाटावर कोणी विचारले, ‘डज धिस ट्रेन स्टॉप ॲट पाचोरा?’ आणि उत्तर आले, ‘आय थिंक इट डज, बट यू’ड बेटर आस्क द टीसी,’ तर ऐकणाऱ्याने ‘थांबते’ एवढेच टिपून भागत नाही. सांगणाऱ्याला स्वतःलाच खात्री नाही, हे ‘आय थिंक’ आणि ‘यू’ड बेटर’ यांतून कळले पाहिजे. नकाराचेही तसेच. आपल्याकडे लग्नाचे आमंत्रण देणाऱ्याला कोणी ‘बघतो, जमलं तर येतो’ म्हणाले, की यजमान ते पान धरीत नाही. इंग्रजीत ‘आय’ड लव्ह टू, बट…’ असे म्हटले की पुढचे वाक्य ऐकण्याआधीच उत्तर नकारार्थी आहे असे समजावे. ‘नॉट बॅड’ म्हणजे बऱ्यापैकी चांगले, आणि ‘व्हॉट डू यू डू?’ म्हणजे आपला व्यवसाय कोणता. या शेवटच्या प्रश्नाला फोनवरच्या एका मुलाखतीत मी ‘खुर्चीवर बसलो आहे’ असे उत्तर दिले होते, हे सांगायला आता हरकत नाही.

आकड्यांचा सराव स्वतंत्रपणे करावा, कारण नुकसान तेथेच होते. आखाती देशांत जाणाऱ्या केळीच्या एका खोक्यात साधारण 13 किलो माल भरतात. फोनवर ‘थर्टीन’चे ‘थर्टी’ ऐकले तर हिशेबाचे काय होईल ते केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या वाचकाला सांगायला नको. हा फरक शेवटच्या ‘न’वरून ओळखू नये, तो अनेकदा ऐकूच येत नाही, जोर कोठे पडतो ते ऐकावे. ‘थर्टी’त जोर पहिल्या अक्षरावर पडून शब्द चटकन संपतो, ‘थर्टीन’मध्ये ‘टीन’ लांबतो. वेळेच्या बाबतीत मराठी माणसाला फायदा आहे: ‘क्वार्टर पास्ट’ म्हणजे सव्वा, ‘क्वार्टर टू’ म्हणजे पावणे, हा हिशेब आपल्या तोंडी आहेच. फक्त ब्रिटिश बोलण्यातले ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात, साडेसहा नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. मोठ्या संख्यांत मात्र मराठी आडवी येते. एक मिलियन म्हणजे दहा लाख आणि एक बिलियन म्हणजे शंभर कोटी; ‘टू पॉइंट फाइव्ह मिलियन’ ऐकल्यावर ‘पंचवीस लाख’ हे मनात उमटेपर्यंत बोलणारा दोन वाक्ये पुढे गेलेला असतो. म्हणून ऐकताना रूपांतर करू नये, आकडा जसाच्या तसा टिपावा आणि लाख-कोटी नंतर करावेत.

सामान्यज्ञानाचे विषय निवडताना लंडनचा राजवाडा किंवा अंटार्क्टिकातले पक्षी यांच्यापासून सुरुवात करण्याचे कारण नाही. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, पश्चिमेकडे वाहते आणि सुमारे 724 किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. 1936 साली फैजपूरला झालेले काँग्रेसचे अधिवेशन हे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होते. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. अशा माहितीचे पाच-सहा वाक्यांचे इंग्रजी परिच्छेद तयार करावेत, शिक्षकाकडून तपासून घ्यावेत आणि मोबाइलमधील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीकडून वाचून घ्यावेत. त्या यांत्रिक आवाजात गावांची नावे वेडीवाकडी उच्चारली जातात, ‘अमळनेर’ ओळखूही येत नाही; पण परदेशी माणूसही ते नाव तसेच उच्चारणार आहे, त्यामुळे हा दोष सरावाला उपकारकच ठरतो. माहिती आधीच ठाऊक असल्याने सगळे लक्ष ध्वनीवर राहते. महिनाभराने पृथ्वीचे थर, लसीकरण, पावसाचे चक्र असे शालेय पुस्तकात मराठीतून वाचलेले विषय घ्यावेत आणि त्यानंतरच पूर्णपणे अनोळखी विषयांकडे जावे.

परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी तिची रचना ध्यानात घ्यावी. ऐकण्याच्या चाचणीत चार भाग, 40 प्रश्न आणि सुमारे 30 मिनिटांचे मुद्रण असते. पहिला भाग रोजच्या व्यवहारातले संभाषण, चौथा भाग अभ्यासविषयावरचे भाषण, आणि प्रत्येक मुद्रण एकदाच ऐकवले जाते. स्पेलिंग चुकले तर गुण जातो. म्हणून घरी पाच वेळा ऐकण्याचा सराव चालू ठेवूनही आठवड्यातून एक दिवस असा ठेवावा की, त्या दिवशी नवीन मुद्रण एकदाच ऐकायचे आणि उत्तरे लिहायची. ऐकण्याआधी प्रश्न वाचून उत्तर कोणत्या जातीचे असेल, म्हणजे नाव, तारीख, रक्कम की कारण, हे समासात पेन्सिलीने लिहून ठेवावे. एखादे उत्तर हुकले तर ते तेथेच सोडावे. हुकलेल्याचा विचार करीत बसणाऱ्याची पुढची दोन उत्तरेही जातात.

एसटीत इअरफोन घालून धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत इंग्रजी ऐकत जाणे ही चांगली करमणूक आहे, पण तिला सरावात धरू नये, कारण हातात वही नसते आणि चूक तपासली जात नाही. त्याऐवजी एक सोबती शोधावा. दोघांनी एकमेकांसाठी रोज एक परिच्छेद मोबाइलवर वाचून पाठवावा, त्यावर तीन प्रश्न विचारावेत, आणि त्यांतला एक प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर परिच्छेदात शब्दशः सापडणार नाही. प्रवासात ऐकायचेच असेल, तर आदल्या आठवड्यात लाल शाईने दुरुस्त केलेली मुद्रणे ऐकावीत. रेघ ओढलेल्या जागा आता सहज कळल्या, तर ते मुद्रण मोबाइलमधून काढून टाकावे. अजूनही ‘सेटपिन’च ऐकू येत असेल, तर ते आणखी एक आठवडा राहू द्यावे.