श्रद्धा डळमळते तेव्हा: ओमेरच्या 49 रात्री मोजण्याची रीत

श्रद्धेला तडा गेला की माणूस आधी उत्तरांच्या मागे धावतो. यहुदी परंपरेतल्या दोन प्रवाहांनी वेगळी वाट धरली आहे. एक कब्बाला, म्हणजे गूढवादी परंपरा. दुसरा 1970 च्या दशकात जोर धरलेला यहुदी स्त्रीवाद. दोघांचं अनेक बाबतींत भांडण आहे, पण इथे त्यांचं जुळतं: काय मानायचं ते मागाहून ठरवा, आज संध्याकाळी काय करायचं ते आधी ठरवा. आणि ते मोजकं असू द्या.

आधी पाहा, नेमकं काय तुटलंय

सोळाव्या शतकात गॅलिलीतल्या सफेद गावी इसहाक लुरिया (1534–1572) यांनी सृष्टीची कथा अशी मांडली: दिव्य प्रकाश पात्रांत ओतला गेला, पात्रांना तो पेलला नाही, ती फुटली आणि ठिणग्या सगळीकडे विखुरल्या. माणसाचं काम त्या वेचण्याचं. या कामाला तिकून म्हणतात. व्यवहारात यातली एकच गोष्ट लक्षात ठेवा: ही फूट माणूस जन्मायच्या आधीची आहे. त्यामुळे ‘माझं काय चुकलं?’ या प्रश्नापासून सुरुवात करू नका.

त्याऐवजी कागदावर एक ओळ लिहा: तुटलं ते देवाचं चित्र आहे, संस्था आहे, रोजचा नेम आहे, की माणूस गेल्याचं दुःख आहे? दोन लागू पडत असतील तर जे जास्त टोचतं ते निवडा. नेम तुटला असेल तर ओमेर, दुःख असेल तर राहेलचा विलाप, चित्र असेल तर स्वतःच्या भाषेतली प्रार्थना, संस्थेनं दुखावलं असेल तर रोश होदेशची, म्हणजे हिब्रू महिन्याच्या पहिल्या दिवसाची, बैठक. चारही एकदम सुरू केलं की दुसऱ्या आठवड्यात सगळंच सुटतं.

ओमेर: रोज रात्री एक ओळ

पेसाह (इजिप्तमधून सुटकेचा सण) याच्या दुसऱ्या रात्रीपासून शवुओत (धर्मशास्त्र मिळाल्याचा सण) येईपर्यंत 49 रात्री मोजतात. पेसाह नीसान महिन्याच्या पौर्णिमेला येतो, म्हणजे बहुतेक वर्षी चैत्र पौर्णिमेच्या आसपास. मुळात ही सातूच्या पेंढीच्या, म्हणजे ओमेरच्या, अर्पणापासूनची मोजणी. कब्बालावाद्यांनी तिच्यावर सात सेफिरोत, म्हणजे देवाच्या प्रकट होण्याचे सात गुण, चढवले: हेसेद (माया), गेवुरा (मर्यादा, कठोरपणा), तिफेरेत (समतोल), नेत्साह (टिकून राहणं), होद (नम्रता, कबुली), येसोद (नातं, पाया) आणि मालखुत (प्रत्यक्ष जगणं). मालखुतलाच शखिना म्हणतात: देवाचं स्त्रीरूप सान्निध्य, जे आपल्या लेकरांबरोबर, म्हणजे इस्राएलाबरोबर, वनवासात गेलं.

प्रत्येक आठवड्याला एक गुण, आणि त्या आठवड्यातल्या सात दिवसांना पुन्हा तेच सात गुण क्रमाने. पहिला दिवस हेसेदमधला हेसेद, आठवा गेवुरातला हेसेद, सोळावा तिफेरेतमधली गेवुरा, तेहेतिसावा होदमधला होद. एक साधी वही घ्या, 49 ओळी आखा आणि प्रत्येक ओळीपुढे दिवस व गुणांची जोडी आधीच लिहून ठेवा. रोज रात्री ती शोधत बसायची वेळ आली की मोजणी राहून जाते.

वेळ चांदण्या दिसल्यानंतरची. मुंबई-पुण्यात त्या दिवसांत साडेसातनंतर मोजलंत तर चालतं. उभे राहा आणि मोठ्याने म्हणा: ‘आज आठ दिवस, म्हणजे ओमेरचा एक आठवडा आणि एक दिवस.’ दिवस आणि आठवडे, दोन्ही म्हणायचे. मराठीत म्हटलं तरी मोजणी पुरी होते. उलट न समजता हिब्रूत पुटपुटलेली मोजणी अनेक धर्मशास्त्री धरतच नाहीत. मोजणीपूर्वी एक आशीर्वचन असतं, ‘आम्हाला ओमेर मोजण्याची आज्ञा दिलीस’ अशा अर्थाचं. ते यहुद्यांचं आहे. तुम्ही यहुदी नसाल तर ते सोडा आणि मोजणीचा अभ्यास तेवढा घ्या.

मग वहीत एक ओळ. आठवड्याचा गुण ही जमीन धरा आणि दिवसाचा गुण म्हणजे तिच्यावर पडलेला उजेड. गेवुराच्या आठवड्यात हेसेदचा दिवस असेल तर प्रश्न असा: मर्यादा घालताना माया कुठे ठेवायची? दुसऱ्या रात्री गेवुरातली गेवुरा: कुणाला ‘नाही’ म्हणायचं राहून गेलंय? उत्तर एका ओळीत मावलं पाहिजे. पानभर लिहायला लागलात की तिसऱ्या-चौथ्या रात्री कंटाळा येणार.

आता बिघडतं कुठे ते पाहू. रात्री विसरलात तर दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी मोजा, फक्त आशीर्वचनाशिवाय. रात्र आणि दिवस दोन्ही गेले तर पुढच्या रात्रीपासून मोजणी चालू ठेवायची, मात्र आशीर्वचन उरलेले सगळे दिवस म्हणायचं नाही, असा सर्वसाधारण निर्णय आहे. पुन्हा एकपासून सुरू करू नका. चुकलेली ओळ वहीत कोरीच राहू द्या. उलथापालथीतून जाणाऱ्याला या नियमाचा मोठा आधार वाटतो: साखळी तुटली तरी मोजणी थांबत नाही. आणखी एक बारकावा आहे. संध्याकाळी कुणी ‘आज कितवा?’ असं विचारलं आणि तुम्ही अजून मोजलं नसेल, तर ‘काल अमुक होता’ एवढंच सांगा. आकडा तोंडातून गेला की मोजणी झाली असं धरलं जाऊ शकतं आणि मग आशीर्वचन म्हणता येत नाही.

दुसरा आठवडा, गेवुराचा, बहुतेकांना जड जातो. जुना राग इथेच वर येतो. तो ओळीत उतरवा, पण त्या आठवड्यात कुणाला पत्र पाठवू नका, नातं तोडायचा निर्णय घेऊ नका.

स्त्रीवादी वाचनाची गरज इथे लागते. काळाशी बांधलेल्या विधायक आज्ञांतून हलाखाने, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राने, बायकांना सूट दिली आहे. ओमेर त्यातच मोडतो. मिश्ना बेरूरा या प्रमाण मानल्या जाणाऱ्या ग्रंथात तर बायकांनी निदान आशीर्वचन म्हणू नये असं सुचवलंय, कारण एखादा दिवस त्या चुकतीलच. (पुरुष चुकत नाहीत, असा एकूण समज दिसतो.) सामूहिक प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा माणसांच्या मिन्यानमध्येही बायका धरल्या जात नव्हत्या. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने त्यांना धरायला परवानगी दिली ती 1973 साली. म्हणून जिला कुणी मोजलंच नाही, तिने रोज रात्री उभं राहून मोठ्याने मोजायचं, यालाच वजन आहे.

ताल्मूद या प्राचीन धर्मचर्चेच्या ग्रंथात सात स्त्री-संदेष्ट्यांची यादी आहे: सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा, एस्तेर. सात आठवड्यांना या सात जणी लावायची आधुनिक पद्धत सोयीची आहे. शनिवारी संध्याकाळी त्या आठवड्याच्या बाईचा उतारा बायबलमधून वाचा. चौथ्या आठवड्यात हन्नापाशी थोडं थांबा (1 शमुवेल, अध्याय 1). ती मनातल्या मनात प्रार्थना करत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई प्यायली आहे. पुढे ताल्मूदमधल्या विद्वानांनी मुख्य प्रार्थना कशी म्हणावी याचे नियम तिच्याच या प्रसंगावरून काढले.

एक इशारा. शखिना स्त्रीरूप आहे म्हणून कब्बाला स्त्रीवादी ठरत नाही. तो वाङ्मयव्यवहार पुरुषांनी पुरुषांसाठी चालवला, आणि त्यात शखिना बहुधा घेणारी, वाट पाहणारी आहे. सेफिरोतची जोडी म्हणजे राशीभविष्यही नव्हे. ‘आज गेवुरा, म्हणून माझं भांडण झालं’ असं व्हायला लागलं की गुणांची नावं खोडा आणि नुसते दिवस मोजा.

राहेलचा विलाप

माणूस गेल्याच्या किंवा घर सुटल्याच्या दुःखाला मोजणी पुरत नाही. त्यासाठी तिकून हात्सोत, मध्यरात्रीचा विधी आहे. बायबलमधल्या याकोबाच्या दोन बायकांच्या नावांनी त्याचे दोन भाग: राहेलचा, रडण्याचा, आणि लेआचा, आशेचा. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकात (31:15) राहेल लेकरांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते. सांत्वनाची घाई न करता तिला रडू देणं, हे या विधीचं बळ आहे.

मध्यरात्र म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, सूर्यास्त आणि सूर्योदय यांचा मध्य. सूर्यास्त 6:54 ला आणि सूर्योदय 6:20 ला असेल, तर मध्य येतो रात्री 12:37 ला. चपला काढून दाराजवळ जमिनीवर बसा. स्तोत्र 137 आणि 79, मग विलापगीताचा पाचवा अध्याय वाचा. त्यानंतर उठून खुर्चीवर बसा आणि लेआच्या भागातली निदान 42 व 43 ही स्तोत्रं वाचा. जागा बदलणं विसरू नका. रडणं जमिनीवरच संपवायचं असतं. एकूण वीस मिनिटं ठेवा, गजर लावा.

शब्बाथ (साप्ताहिक विश्रामदिवस) आणि सणांच्या रात्री राहेलचा भाग म्हणत नाहीत. अनेक सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या यहुद्यांच्या) परंपरांत ओमेरच्या दिवसांतही तो वगळून फक्त लेआचा भाग म्हणतात, तेव्हा दोन्ही विधी एकत्र गुंफू नका. आठवड्यातून एक रात्र पुरे. रोज केलंत तर झोप जाते, आणि झोप गेली की सगळंच जास्त काळं दिसतं. दोन आठवडे झोप-भूक उडालेली असेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर हा विधी तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांकडे जा. भारतात टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं.

स्वतःच्या भाषेतली प्रार्थना

पूर्व युरोपातल्या यहुदी बायका सतराव्या शतकापासून यिडिश भाषेत छापलेल्या तखिने म्हणत: मेणबत्ती लावताना, पीठ मळताना, बाळंतपणात. त्यांचा साचा आजही चालतो. आधी एखाद्या पूर्वज बाईच्या नावाने हाक, मग हातातलं काम, मग एकच मागणं, तेही नेमकं. ‘मन शांत कर’ असं नको. ‘उद्या दवाखान्यात आईशी बोलताना माझा आवाज चढू देऊ नकोस’ असं हवं. पाच-सहा ओळींच्या पुढे जाऊ नका.

मराठी इथे परकी नाही. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांसाठी पेसाहची हगादा, म्हणजे त्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी अनुवादासह मुंबईत 1846 मध्ये आणि पुण्यात 1874 मध्ये छापली गेली. देवाला स्त्रीलिंगी हाक मारून पाहण्याचा स्त्रीवादी प्रयोग मात्र मराठीत थोडा फसवा ठरतो. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या कानांना त्यात काहीच खटकत नाही आणि प्रार्थना गोड होऊन बसते. म्हणून नातं बदलून पाहा: आईऐवजी न्यायाधीश बाई, सुईण, भांडकुदळ शेजारीण. ज्या हाकेला ओठ अडतात, ती आठवडाभर चालवा.

रोश होदेशची बैठक

हिब्रू महिना मराठी महिन्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे पंचांगात शुद्ध प्रतिपदा-द्वितीया पाहिली की रोश होदेश साधारण सापडतो. या दिवशी बायकांनी काम न करण्याचा रिवाज जेरुसलेमच्या ताल्मूदमध्ये नोंदला आहे. सोन्याच्या वासरासाठी त्यांनी दागिने द्यायला नकार दिला, त्याचं हे बक्षीस, असं नंतरचा मिद्राश, म्हणजे बायबलवरचं कथारूप भाष्य, सांगतो. 1970 च्या दशकात अमेरिकेत बायकांनी याच दिवशी गट जमवायला सुरुवात केली.

सहा ते दहा जणी, दीड तास, दर महिन्याला वेगळं घर. अर्धा तास एक उतारा, मग प्रत्येकीला पाच मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही आणि न मागता सल्ला द्यायचा नाही. गट मोडतात ते बहुधा सल्ल्याने किंवा खाण्याने. पहिल्या घरी चहा, तिसऱ्या घरी पाच पदार्थ, आणि सहाव्या महिन्यात कुणालाच यजमानीण व्हायचं नसतं. चहा आणि एक पदार्थ, हा नियम लेखी ठेवा. पोहे-खोबऱ्याचा मलिदा त्या एका पदार्थात धरू नका. तो बेने इस्राएलांचा एलियाहू हान्नबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाचा विधी आहे, नवस फेडताना आणि आभार मानताना होतो.

संस्थेवरचा राग कुठे न्यायचा याचं एक मुंबईचं उदाहरण आहे. डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्राएल डॉक्टर बाईंनी 1925 मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी संस्था उभी केली.

शेवटी पाणी

49 रात्री संपल्यावर किंवा एखादं पर्व मिटवायचं असेल तेव्हा पाण्यात बुडी घेतात. मिक्वेच्या, म्हणजे विधिवत स्नानाच्या, कुंडात किमान 40 सेआ (हे जुनं माप) नैसर्गिक पाणी लागतं, पण समुद्रही मिक्वे धरला जातो. धर्मांतर किंवा पाळीनंतरची शुद्धी यांसाठीची बुडी वेगळी. तिला जाणकार साक्षीदार आणि स्वतःचे नियम असतात.

अंगठ्या, नेलपॉलिश, कॉन्टॅक्ट लेन्स काढा, केस विंचरून मोकळे सोडा. पाणी आणि अंग यांच्यामध्ये काही राहू नये. नाभीच्या वितभर वर पाणी येईल तिथे उभे राहा, गुडघे वाकवून डोक्यासकट खाली जा, मुठी आणि ओठ आवळू नका. काठावरच्या सोबतिणीने एवढंच पाहायचं की एकही केस वर तरंगत नाही. तीन बुड्या घ्या: पहिली मुक्याने, दुसरी वहीतली सगळ्यात जड ओळ म्हणून, तिसरी पुन्हा मुक्याने. कोकणच्या किनाऱ्यावर हे पावसाळ्यात करू नका. शवुओत बहुतेक मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, म्हणजे समुद्र खवळायच्या तोंडावर. तेव्हा भरती-ओहोटीच्या वेळा आणि हवामान खात्याचा इशारा आधी पाहा, आणि लाल बावटा असेल तर दिवाळीनंतरच्या एखाद्या रोश होदेशपर्यंत थांबा.