जानेवारीची जेईई द्यायची की थेट एप्रिलची?

अकरावीला सायन्स घेतलं की कधी ना कधी घरात इंजिनीअरिंगच्या या प्रवेशपरीक्षेचा विषय निघतोच. आमच्या गोव्यात, डिचोलीकडे त्याचं उत्तर शेजारचा कोणीतरी परस्पर देऊन टाकतो: "आधी बोर्ड होऊ दे, मग बघूया." मी जानेवारीचीही दिली आणि तुम्हालाही तेच सांगेन.

जेईई मेन वर्षातून दोनदा होते, साधारण जानेवारीत आणि एप्रिलमध्ये. दोन्ही दिल्या तर ज्यात स्कोर चांगला तोच रँकसाठी धरतात. म्हणजे जानेवारी बिघडली तरी एप्रिलचं काही जात नाही, दुसऱ्यांदा फी भरावी लागते एवढंच. अकरावीत असताना मात्र 'सवय म्हणून' बसता येत नाही; फॉर्म भरायला बारावीची परीक्षा त्या वर्षी तरी असावी लागते.

खरी ओढाताण होते ती जानेवारीतच. गोवा बोर्डाची लेखी परीक्षा हल्ली फेब्रुवारीत सुरू होते, त्याआधी प्रॅक्टिकल, आणि जर्नलवर सह्या घ्यायला स्टाफरूमबाहेर रांग. बारावीचा पोर्शन तेव्हा कोणाचाच पक्का नसतो. म्हणून मी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीआधी अकरावीचे तिन्ही विषय परत काढले आणि जानेवारीत भरवसा त्यांच्यावरच ठेवला. पेपरात अकरावीचा वाटा मोठा असतो, त्यामुळे हे जमतं. अकरावी कच्चीच असेल तर जानेवारीचा निकाल बघून रडायचं नाही, एवढं आधीच ठरवून टाका.

कच्ची तयारी असूनही जायचं ते त्या खोलीसाठी. 75 प्रश्न, 300 गुण, तीन तास, आणि हातात फक्त माऊस. आकडी उत्तरसुद्धा पडद्यावरच्या कीपॅडवर एकेक अंक क्लिक करून टाकायचं. बाजूला प्रश्नांचे चौकोन: सोडवलेला हिरवा, बघून सोडलेला लाल, परत बघायचा जांभळा. शेवटच्या दहा मिनिटांत तिथे लालच लाल दिसलं की हात कापतात. घरी कितीही मॉक टेस्ट दिल्या तरी ही भीती कळत नाही, आणि बोर्डाचे पेपर संपवून एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा भेटू नये.

नीटवाल्यांना, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा देणाऱ्यांना, हा पर्यायच नाही. वर्षातून एकदा, बहुतेक मे महिन्यात, कागदावर. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जायचं असेल तर तो एकच दिवस. पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घेऊन दोन्हींची तयारी करणारे आपल्याकडे बरेच. त्यांनी एप्रिलची जेईई सोडली तरी माझी हरकत नाही, जानेवारीची द्यावी. झुआरीनगरच्या बिट्स या इंजिनीअरिंगच्या संस्थेसाठी बिटसॅट ही परीक्षा वेगळी, तिच्याही दोन फेऱ्या असतात.

आयआयटीसाठीच्या जेईई ॲडव्हान्स्डचा हिशेब निराळा: लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी. गॅप घेण्याचा विचार असेल तर हे आधी मोजा.

आणि एक काम अकरावीच्या मे महिन्यातच उरका. आपल्याकडे जन्मदाखला, आधार आणि दहावीची मार्कशीट यांवर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेचं निघू शकतं. नाईक, गावकर मंडळींनी तर नक्की बघावं. फॉर्म सुटल्यावर दुरुस्तीला धावलात तर सरकारी कचेऱ्यांच्या फेऱ्यांत अभ्यासाचे दिवस जातात.